बाबांचं गाळलेलं प्रकरण

ती. वन्सं यांना,

तुमच्या भावजयीचा नमस्कार, आणि भावोजींनाही सांगा. 'वन्सं' म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे, पण 'ताई' म्हणायला गेलं की मला माझी सख्खी ताई आठवते आणि सूर आपोआप भांडणाचा लागतो, तेव्हा एवढं चालवून घ्या. तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी वाकू नका म्हटल्यावर तुम्ही नेमकी खालच्या फळ्यांची कपाटं आवरायला काढलीत, असं भावोजींकडून कळलं. इकडे आम्ही बरे आहोत. तुमच्या भावाचं वजन वाढलंय आणि तो वजनकाट्याचा दोष आहे असं त्याचं म्हणणं आहे. (नवीन काटा आणला. तोही सदोष निघाला.) बाबांची तब्येत ठणठणीत. रविवारी फोनवर तुम्ही "औषधं घेतलीत का" विचारता, ते "घेतली" म्हणतात आणि दोघंही फोन ठेवता, त्यातली माहिती अगदी खरी असते. त्यापलीकडची माहिती मात्र फोनवर येत नाही, म्हणून हे पत्र. मीच फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं भिंतींनाही ऐकू जातं, शिवाय तुम्ही मधेच "बरं" म्हणालात की मला उगाच आवरतं घ्यावंसं वाटतं. पत्रात तुम्हाला "बरं" म्हणता येणार नाही. बसून वाचा, लांबणार आहे.

आधी गुन्हा कबूल करते. मी तुमच्या वडिलांचं पुस्तक नापास केलं.

आता बाबांनी पुस्तक कधी लिहिलं, हा तुमचा प्रश्न मला इथं ऐकू आला. तोच माझाही होता. पण थोडं मागून सांगायला हवं, कारण मी नेमकं काय काम करते हे लग्नाला नऊ वर्षं होऊनही तुमच्या माहेरी कुणाला नीटसं कळलेलं नाही. 'एजंट' म्हटलं की तुमच्या मावशी विम्याच्या हप्त्याचं विचारतात, आणि 'पुस्तकांची एजंट' म्हटलं की नातवाची शाळेची पुस्तकं स्वस्तात मिळतील का, ते विचारतात. काम तसं सोपं आहे. लेखक आपलं लिखाण आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यातलं चांगलं शोधतो आणि प्रकाशकांच्या गळी उतरवतो. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत बाई बसतात (ऑफिस त्यांचं, शेवटचा शब्दही त्यांचाच), बाहेर मी आणि टपाल फोडणारे काका. पहिली तीन प्रकरणं, पानभर सारांश आणि आपण कोण हे सांगणारं चार ओळींचं पत्र पाठवा, असा नियमांचा एक कागद आम्ही छापून ठेवलाय. त्याचा उपयोग एवढाच, की काय काय मोडायचं हे लेखकांना आयतं कळतं. एकानं बाराशे पानं पत्र्याच्या ट्रंकेत घालून पाठवली, कुलूप लावून, आणि किल्ली वेगळ्या टपालानं. (किल्ली आधी आली. काका आठवडाभर ती ऑफिसातल्या सगळ्या कपाटांना लावून पाहत होते.) एका बाईंनी फक्त शेवटचं प्रकरण पाठवलं, का तर आमचा जीव टांगणीला लागू नये. एका दंतवैद्यांनी लिहिलं होतं की हे वाचून माझी पत्नी रडली. आम्ही तीनही प्रकरणं वाचली, आणि त्या माउलीबद्दल आम्हालाही फार वाईट वाटलं.

मग तुम्ही शोधता तरी काय, असं लोक विचारतात. बाईंचं उत्तर ठरलेलं आहे: माणूस. विषय कुठलाही असो, भाषा साधी असो की नटलेली, पहिल्या पाचसहा पानांत एक तरी जिवंत माणूस दारातून आत आला पाहिजे, आणि तो पुढे काय करतो हे बघताना हातातला चहा विसरला पाहिजे. बाईंचा चहा गार झाला की काका मला दारातून खूण करतात. वर्षातून तीनदा, फार तर चारदा होतं असं. बाकी दिवस बाई चहा गरम पितात आणि मी नकाराची पत्रं लिहिते.

तर चार महिन्यांपूर्वी 'वज्रबाहू' या टोपणनावानं एक कादंबरी आली. ऐतिहासिक. कुठला काळ, कुठला राजा, काही पत्ता लागत नव्हता, पण सेनापती मात्र पानोपानी गर्जत होता. त्याच्या घोड्यालाही स्वगतं होती. चौथ्या प्रकरणात (तीनच मागितली असताना सात आली होती) सेनापतीचा हरवलेला भाऊ, हरवलेली तलवार आणि हरवलेली आई एकाच विहिरीपाशी भेटत होती. एरवी मी दोन ओळींत 'आभारी आहोत' लिहून मोकळी झाले असते. पण मधेच एका ठिकाणी मी अडखळले होते. किल्ल्यावर सामान ओढून घ्यायचा जो पाळणा होता, त्याचे दोर तपासणारा एक म्हातारा अर्ध्या पानापुरता येऊन गेला होता. तो रोज सकाळी दोराचा प्रत्येक पीळ अंगठ्यानं दाबून बघतो, आणि एकदा दोर पास केला की पहिल्यांदा स्वतः पाळण्यात बसतो, कारण 'आपण नाही म्हटलं असतं तर कुणी बसलं नसतं, आणि हो म्हटलं म्हणून सगळे बसणार'. एवढंच. मग पुन्हा गर्जना.

त्या अर्ध्या पानापायी मी दीड पानाचं पत्र लिहिलं. आम्ही ही कादंबरी घेऊ शकत नाही. आपल्या सेनापतीवर आमचा विश्वास बसला नाही, पण दोर तपासणाऱ्यावर बसला. आपण ज्याला आतून ओळखता त्याच्याबद्दलच लिहा. आणि कृपा करून योगायोग टाळा, जीवनात ते घडत असतील, पण कागदावर वाचक ते मानत नाही. या शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होते. (बाईंना वाचूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, बरं आहे.) परतीचा पत्ता बाजारामागच्या गल्लीतला होता. तो आपल्या इमारतीखालच्या टेलर मास्तरांच्या घरचा आहे हे मला कळायचं काही कारण नव्हतं, कारण मी आजवर त्यांच्या दुकानाच्या पुढे कधी गेलेली नाही.

पुढच्या आठवड्यात बाबांचं जेवण कमी झालं. विचारलं तर म्हणाले, दाढ. दाढेवर दोन दिवस मऊ भात झाला, मग दाढ आपोआप बरी झाली आणि बाबा स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले. मी भाजी चिरत असले की समोरची खुर्ची ओढायची, औषधाच्या रिकाम्या खोक्याची उलटी बाजू पुढ्यात घ्यायची, पेन्सिलीला टोक करायचं आणि म्हणायचं, "समजा." समजा, एखाद्या गृहस्थाला स्वतःच्या नोकरीबद्दल लिहायचं आहे, तर सुरुवात जन्मापासून करावी की नेमणुकीपासून? मी म्हणायची, ज्या दिवशी काहीतरी बिघडलं त्या दिवसापासून करावी. समजा, त्याच्या आयुष्यात काहीच बिघडलं नाही तर? मी म्हणायची, मग त्यानं लिहू नये, सुखानं जगावं. बाबा हे सगळं खोक्यावर उतरवून घ्यायचे. मला वाटलं, वाचनालयातल्या मित्रांपैकी कुणाला तरी लिखाणाची हुक्की आली असेल. वन्सं, मी दिवसभर ओळींमधलं वाचायचा पगार घेते, आणि घरी समोर बसलेला माणूस मला वाचता आला नाही.

दोन महिन्यांनी त्याच पत्त्यावरून दुसरं पाकीट आलं. या वेळी तीनच प्रकरणं, सारांश एक पान, पत्र चार ओळी. काका म्हणाले, या माणसाला बक्षीस द्या. टोपणनावाच्या जागी नुसतं 'एक निवृत्त निरीक्षक' होतं. पहिलंच वाक्य होतं, 'बत्तीस वर्षं मी लोकांना वर पाठवलं आणि सुखरूप खाली आणलं, पण माझ्याकडे पाहून कुणी हसलं असेल तर ते लिफ्ट बंद असतानाच.' मी उभी राहिले आणि सरळ बाईंच्या खोलीत जाऊन मोठ्यानं वाचायला लागले. तुम्हीही वाचाच, सोबत नक्कल ठेवतेय. त्यात लिफ्टच्या तारा अंगठ्यानं दाबून बघणारा निरीक्षक आहे. प्रत्येक इमारतीत त्याला चहा मिळतो आणि प्रत्येक इमारतीतला सचिव त्याला घाबरतो, घरात मात्र त्याला कुणीच घाबरत नाही. काका दारात येऊन उभे राहिले. बाईंच्या चहावर साय धरली. मग तिसऱ्या प्रकरणात निरीक्षकाची सून आली. ती स्वयंपाकघरात उभ्यानं वाचते, दूध उतू जातं, आणि ती दुधाला रागावते. कुणी काहीही विचारलं तरी 'हं' म्हणते. तिचा चष्मा एकदा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी सापडला. 'सून फार चांगली आहे,' असं एक वाक्य होतं, 'पण तिला घरात शोधावं लागतं.' बाई डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, ही बाई अगदी खरी उतरलीय, असलं काही मनानं रचता येत नाही. मीही हसत होते. हसत हसतच पुढच्या ओळीवर आले, की या घराच्या दाराच्या कडीला निरीक्षकानं सुतळी बांधलीय, कारण सून ती कडी आपटते.

ती सुतळी मी त्याच दिवशी सकाळी निघताना ओढली होती.

मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर आले. काकांनी पाणी दिलं. काही वेळ मला फक्त लाज वाटत होती, आणि ती चष्म्याची नव्हती. (तो एकदाच गेला होता फ्रिजमध्ये.) या माणसाच्या चारशे पानांवर मी दीड पानात पाणी ओतलं, आणि त्यांनी ते दीड पान खिशात ठेवून मला भात मऊ झालाय म्हणून शाबासकी दिली. संध्याकाळी घरी गेले तर खुर्ची ओढलेली होती. मी भाजी चिरायला घेतली. मला वाटतं, मला सगळं कळलंय हे त्यांनी ओळखलं, कारण त्या दिवशी 'समजा' झालं नाही. त्यानंतर आमचं असं ठरून गेलंय. घरात मी सून, ते सासरे. मास्तरांच्या पत्त्यावर मी 'महोदय' लिहिते आणि ते मला 'आदरणीय' लिहितात. पत्र मी बाजारात पेटीत टाकते, मास्तर घरून आणून दुकानात ठेवतात, बाबा जिन्यानं उतरून ते घेतात, आणि वर येऊन मला विचारतात, आज काय विशेष?

बाईंनी संपूर्ण पुस्तक मागवलं. ते आलं, बाईंनी दोन दिवसांत संपवलं आणि मला आत बोलावलं. पुस्तक आवडलं होतं, पण त्यांनी नवव्या आणि दहाव्या प्रकरणाच्या मधे बोट घातलं होतं. म्हणाल्या, "नवव्यात या माणसाची मुलगी घरात आहे, पानापानावर आहे. शाळेतून येते, याच्याशी वाद घालते, याच्या हेल्मेटमध्ये मांजराचं पिल्लू लपवते. दहाव्यात ती नाहीच. कुठे गेली, का गेली, एक अक्षर नाही. एक प्रकरण या गृहस्थानं गाळलंय. त्यांना विचार." तेव्हा मी 'महोदय' लिहून विचारलं. उत्तर एका ओळीचं आलं: 'आदरणीय, ते प्रकरण आहे, परंतु आपल्या नियमात बसत नाही.'

मागच्या रविवारी दुपारी तुमचा भाऊ झोपला होता. मी मटार सोलत होते. बाबा आले, बसले, आणि बऱ्याच दिवसांनी म्हणाले, "समजा."

"समजा."

"एका माणसाची मुलगी नोकरीसाठी लांब निघालीय. त्याला ते मान्य नाही. चार दिवस घरात दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. ती आईबरोबर, भावाबरोबर बॅगा घेऊन जिन्यानं उतरते. हा आतल्या खोलीत बसलाय. खाली तिघांसाठी गाडी उभी आहे."

"बरं." (तुमचा शब्द.)

"मग त्याचं त्यालाच राहवत नाही. पण जिना उतरेपर्यंत गाडी निघेल, म्हणून तो लिफ्टमध्ये शिरतो. तपासणी सोडली तर त्या लिफ्टमध्ये तो कधी बसलेला नाही. आणि ती दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधे अडकते."

मी शेंग हातात धरून बसले. "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"आणि ती लिफ्ट पास कुणी केली होती?"

बाबांनी दोन शेंगा सोलल्या. "त्यानंच. पंधरा दिवस आधी." मग पेन्सिल खोक्यावर आडवी ठेवून म्हणाले, "आता हे लिहिलं तर ती एजंट मानेल का? योगायोग चालणार नाही असं तिनं कळवलंय."

"एजंटचं राहू द्या," मी म्हटलं. "तिला काय कळतंय. त्यानं मुलीला सांगितलं का?"

"सांगणार होता. ती पोचली, फोन आला, आईशी बोलून तिनं ठेवला. मग महिना गेला. महिन्यानं सांगितलेली गोष्ट सबब वाटते. वर्षानं सांगितली तर कादंबरी वाटते."

"आणि अकरा वर्षांनी?"

त्यावर त्यांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "दाणे झाले बघ." आणि उठून गेले.

माझा धंदाच अविश्वासाचा, त्यामुळे सोमवारी मी मास्तरांकडे गेले. ब्लाउजचं निमित्त केलं. मास्तरांनी माप घ्यायचं थांबवून टेप गळ्यात अडकवली आणि म्हणाले, साहेबांनी शपथ घातली होती, पण तुम्ही घरच्या. त्या दिवशी ते दुकानात एकटेच होते. वरून धपधप ऐकू आली. त्यांनी मेकॅनिकला फोन केला, आणि तो येईपर्यंत लिफ्टच्या जाळीखाली स्टूल घेऊन बसले. साहेब आतून ओरडले नाहीत, रागावले नाहीत. मेकॅनिक आल्यावर कुठला नट आधी सैल करायचा तेवढं आतून सांगितलं. त्याआधी तीनदा फक्त एकच विचारलं, गाडी गेली का. गाडी केव्हाच गेली होती. मास्तर तिन्ही वेळा म्हणाले, नाही अजून, थांबलीय.

त्या मास्तरांनी माझं माप चुकवलं, ब्लाउज दोन्ही बाजूंनी सैल झालाय, पण मी काही बोलणार नाही.

तर वन्सं, पुस्तक या प्रकरणावाचून अडलंय. आम्ही घरात एकमेकांशी खरं बोलत नाही आणि टपालानं फार आदरानं वागतो. मी बाबांना सरळ सांगावं का, की ती एजंट मीच? की त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, एवढ्यावर ठेवावं? तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षं जास्त ओळखता. सवडीनं कळवा. कंबरेला शेक द्या, कपाटं राहू द्या. भावोजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुमची,
(घरात शोधावी लागणारी) भावजय

ता. क. वरच्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल. तो मी पत्राला शेवट हवा म्हणून घातला. माझं म्हणणं एवढंच आहे की आठ दिवस काढून या. फोन करू नका, फोनवर तुम्ही दोघं औषधांवरच थांबता. आई गेल्या तेव्हा तुम्ही आलात, पण दोन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि तुम्ही दोघं एकमेकांना चहा विचारत होतात. या वेळी घरात कुणी नसेल. तुमच्या भावाला मी कुठेतरी पाठवते, तिथला काटाही बघून येईल तो.

आणखी एक. पुस्तक त्या प्रकरणावाचून अडलंय असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. बाईंनी परवाच होकार दिला. म्हणाल्या, ते पान नसलं तरी पुस्तक उभं राहतंय, म्हाताऱ्या माणसाला उगाच छळू नकोस. तेव्हा मी तुम्हाला पुस्तकासाठी बोलावत नाहीये. (एकसष्टाव्या पानावरचं माझं वर्णन वाचाल तेव्हा त्यात लेखकाचं स्वातंत्र्य किती, हे लक्षात घ्या.)

शेवटचं. हे पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बाबा आले. एवढं लांबलचक कुणाला, म्हणाले. मी म्हटलं, एका वाचकाला. ते आत गेले आणि एक बंद पाकीट आणून माझ्या हातात दिलं. आत चारपाच पानं असावीत. मी उघडलेलं नाही, आणि माझ्या धंद्यात हे फार अवघड असतं. वर त्यांच्या अक्षरात चार ओळींचं पत्र आहे, ते नियमात बसतंय एवढं पाहून तसंच आत घालतेय:

'महोदया,
सोबत एकच प्रकरण पाठवत आहे. ते खरं आहे, पण तसं वाटेलच असं नाही.
वाचायला घाई नाही.
नापसंत असल्यास टपालानं परत पाठवू नये, स्वतः घेऊन यावं.'